वाऱ्यावर चालणारीं जनावरें

हॉलंडांतील थिओ यान्सेन यांचा जन्म १९४८ सालचा. डेल्फ्ट येथें त्यांनीं पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला, पुढें ते चित्रकलेकडे वळले आणि १९९० पासून समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या बळानें चालणारीं जनावरें बनवूं लागले. घरांत विजेच्या तारा ज्यांतून नेतात, त्या पिंवळ्या प्लास्टिकच्या नळ्या हीं त्यांचीं हाडें. तीं प्रथम चित्रपटांत पाहिलीं तेव्हां आमच्या अंगावर कांटा उभा राहिला, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

परंतु अंगावरचा कांटा म्हणजे परीक्षण नव्हे. ही सजीवता नेमकी कोठें आहे? आमच्या मतें ती पावलाच्या वाटेंत आहे. मधल्या आंसावरील क्रँकचा दांडा केवळ वर्तुळांत फिरतो. पायाच्या नळ्यांची जोडणी त्या वर्तुळाचें पावलांत रूपांतर करते. पाऊल जमिनीवर असतांना जवळजवळ सरळ रेषेंत मागें सरकतें, मग उचलून त्वरेनें पुढें येतें. क्रँक एकमेकींपासून ठराविक कोनांत वळविलेल्या असल्यामुळें कोणतें ना कोणतें पाऊल सदैव भार घेतें, आणि धड चाकाच्या आंसाप्रमाणें एकाच उंचीवर राहतें. नळ्यांच्या लांबीचें प्रमाण अकरा अंकांत सांगतां येतें. ते यान्सेन यांनीं संगणकाकडून शोधून घेतले: प्रथम १५०० पाय यदृच्छेनें कल्पावयाचे, त्यांतले उत्तम १०० निवडावयाचे, त्यांच्या मिश्रणांतून नवी पिढी काढावयाची, असा तो क्रम.

चालणारें यंत्र ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. रशियन गणिती चेबिशेव्ह यांचें असें यंत्र १८७८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें होतें. तें चालतें, पण जिवंत भासत नाहीं. यान्सेन यांचें जनावर झुळूक मंदावली कीं थबकतें, वारा आला कीं पुन्हां निघतें. कळसूत्री बाहुलीचा सूत्रधार पडद्याआड असतो. येथें तो उघड्या मैदानांत असूनहि दिसत नाहीं, म्हणून हालचाल जनावराच्या मनांतून आल्यासारखी वाटते.

कलावंत मात्र याहून मोठा दावा करतात: ही नवी जीवसृष्टि आहे. तो दावा कविकल्पना म्हणून गोड आहे. शब्दशः घेतां येत नाहीं. संगणकानें पाय निवडले खरे, पण उत्तम पाय कोणता याची कसोटी मनुष्यानेंच ठरविली होती. वाढत्या समुद्रापासून देश वांचविण्यासाठीं वाळूच्या टेकड्या उभारणारीं जनावरें, ही १९९० सालची मूळ कल्पना होती. तें कामहि त्यांच्या हातून झालें नाहीं. बाटल्यांत वारा सांठविणें, पाणी लागतांच मागें फिरणें हे पुढचे गुण कौतुकास्पद आहेत, पण ते कारागिराच्या बुद्धीचे आहेत. तिचें श्रेय काल्पनिक उत्क्रांतीस देणें म्हणजे स्वतःवरच अन्याय करणें होय.

ते अकरा अंक त्यांनीं सर्वांस खुले करून दिले आहेत. वाचकांनीं मुलांसह जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, टांचण्यांनीं जोडून एक पाय तरी करून पाहावा, आणि मग आमचा अभिप्राय पारखावा.