१० सेकंदांत काय बसवाल?

कॉम्प्युटरवरचा आवाज १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये न्यायची साधी वाट म्हणजे तार जोडायची, आवाज वाजवायचा आणि यंत्राने तो नव्याने टिपायचा. मेमरी एकूण १० सेकंदांची, तीही १२ बिटची. म्हणून हिप-हॉपवाले ३३ ची तबकडी ४५ वर वाजवून भरत आणि आत गेल्यावर तिचा वेग उतरवत. त्यातून आलेला खरखरीत, जाड आवाज पुढे त्या संगीताची ओळख झाला.

आज तो खरखरीतपणा प्लगइन हुबेहूब देतं. निवडीची सक्ती मात्र देत नाही. तिथेच ही नक्कल उणी पडते. तुमच्या फोनमध्ये आजीच्या ओव्यांचं तासभराचं रेकॉर्डिंग असेल, तर त्यातले १० सेकंदच काढून बघा. कुठले, हे ठरवायला ते सगळं नीट ऐकावं लागेल.