वऱ्हाडी, हिवरखेड आणि झिपची आज्ञावली

बोलींच्या अभ्यासात गावोगावची ध्वनिमुद्रणे व टिपणे संगणकावर फोल्डरवार ठेविली जातात, आणि ती आकुंचित करून झिप फाईलींत बांधण्याचे काम चार-सहा ओळींच्या आज्ञावलीवर सोपविले जाते. अशी आज्ञावली प्रत्येक फोल्डर घेते, त्याच्याच नावाने झिप फाईल तयार करते व पुष्कळदा मूळ फोल्डर पुसून टाकते. तिचा आटोपशीरपणा वाखाणण्याजोगा खरा. परंतु एका नावाची एकच वस्तू, हे तिचे गृहीत वऱ्हाडात टिकत नाही.

‘हिवरखेड’ हेच पाहावे. एक हिवरखेड अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. दोहोंच्या झिप फाईली एकाच ठिकाणी जमा होऊ लागल्या, की एक तर दुसरी पहिलीची जागा घेते, नाही तर दोन गावांची सामग्री एकाच फाईलीत मिसळते. रोमन लिपीचा आश्रय हा नेहमीचा तोडगा. पण तीत ‘व’साठी दोन अक्षरे प्रचारात असल्याने एका गावाची दोन होण्याची भीती उलट वाढते.

याहून सूक्ष्म प्रकरण ‘वऱ्हाडी’ या शब्दाचे. त्यातील अर्धा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त चिन्ह देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही सारखेच, यंत्रास मात्र भिन्न. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांस एक करीत नाही. ‘वऱ्हाडी’ने आरंभ होणारे फोल्डर निवडावयास सांगितले, की दुसऱ्या प्रकाराने टंकलेले मुकाट्याने मागे राहतात. (खिळ्यांच्या छापखान्यात ठसा एकच उमटला म्हणजे शब्द एकच होता.) झिपच्या नियमांत युटीएफ-८ नावांची सोय २००६ साली झाली, ती खूण न जाणणारे साधन सात चिन्हांच्या ‘हिवरखेड’ची एकवीस निरर्थक चिन्हे दाखविते. तो दोष निदान दिसतो तरी.

नावाआधी जिल्हा व तालुका घालणे, रकाराचे एकच रूप ठरविणे, बांधलेली फाईल तपासून आतील फाईलींची संख्या मूळ संख्येशी ताडणे, एवढ्या दोन-तीन ओळी वाढविल्याने आज्ञावली बोजड होत नाही. पुसण्याची ओळ मात्र समर्थनीय नाही. एमपी-३ ध्वनिमुद्रण आधीच आकुंचित असते, झिपमुळे त्याची जागा जवळजवळ वाचतच नाही. आणि ज्या वृद्धांचे बोलणे त्यात साठविले आहे, ते पुन्हा ऐकावयास मिळेलच असे नाही.