आवाज दिसतो, कान दिसत नाही : एका फिरत्या प्रदर्शनाबद्दल

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक झोकदार वाक्य होतं. पोलादी पडद्याआडचे कोट्यवधी लोक चोरून पाश्चात्त्य रेडिओ ऐकत आणि त्यातूनच तिथल्या राजवटींचा पाया खचला, असं काहीसं. आरएसीच्या बैठकीत एका सरांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर अभिलेखागारातल्या कामासाठी बुडापेस्टला गेले, तेव्हा तेच वाक्य एका ग्रंथालयाच्या दालनात सुबक छापलेल्या फलकावर भेटलं. रेडिओ फ्री युरोप आणि रेडिओ लिबर्टी या केंद्रांवरचं ते फिरतं प्रदर्शन होतं. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप त्या एका प्रदर्शनापुरता नाही. या विषयावर जे काही मांडलं जातं, त्यात हा दोष वारंवार दिसतो.

विषय नवीन असणाऱ्यांसाठी थोडक्यात: रेडिओ फ्री युरोपचं पहिलं प्रसारण ४ जुलै १९५० रोजी चेकोस्लोव्हाकियासाठी झालं. सोव्हिएत संघासाठीचं केंद्र १ मार्च १९५३ रोजी सुरू झालं. तेच पुढे रेडिओ लिबर्टी झालं. दोन्हींचं मुख्य काम म्युनिकमधून चाले. अमेरिकन नागरिकांकडून जाहीरपणे देणग्या गोळा केल्या जात, पण खरा पैसा सीआयएचा होता, हे १९७१ मध्ये उघडपणे मांडलं गेलं. प्रदर्शनात ही बाब आहे, पण एका फलकाच्या तळाशी, बारीक टायपात.

जे उत्तम जमलंय

आधी चांगलं सांगते. एका कोपऱ्यात हेडफोन ठेवलेत. कानाला लावले की बातम्या ऐकू येतात आणि त्यांच्यावर जॅमिंगची घरघर. दोन मिनिटं कान देऊन ऐकलं तरी एखादं वाक्य धड पूर्ण हाती लागत नाही. मोठ्या शहरांजवळ जॅमिंग जास्त परिणामकारक असे, म्हणून लोक गावाकडच्या घरात जाऊन ऐकत, हे तिथेच लिहिलंय. सोव्हिएत संघाने रेडिओ लिबर्टीचं जॅमिंग १९८८च्या अखेरीस थांबवलं. तोवर हे 'ऐकणं' किती कष्टाचं होतं, ते दहा पानं वाचून कळलं नसतं, ते इथे कानाला कळतं.

आणि जे निसटलंय

हेडफोनपासून चार पावलांवर १९५६च्या हंगेरीतल्या उठावाचा फलक आहे. रेडिओने हंगेरियन लोकांना चिथावलं का, खोटी आशा दाखवली का, हा जुना वाद. फलक एका वाक्यात निकाल देतो: केंद्राने लष्करी मदतीचं वचन कधीच दिलं नव्हतं.

आता पुरावा बघा. केंद्राचे राजकीय सल्लागार विल्यम ग्रिफिथ यांनी डिसेंबर १९५६ मध्ये तीनशेहून अधिक संहिता तपासून अंतर्गत अहवाल लिहिला. बहुसंख्य संहिता धोरणाला धरून होत्या, काही नव्हत्या. सर्वांत गाजलेला प्रसंग ४ नोव्हेंबरचा. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टवर हल्ला चढवला होता. वृत्तपत्रांच्या आढाव्यात एका ब्रिटिश वृत्तपत्राचा हवाला देऊन सुचवलं गेलं की, हंगेरियन लोकांनी तीन-चार दिवस तग धरला, तर लष्करी मदतीसाठी अमेरिकन सरकारवर अनावर दबाव येईल. अक्षरशः पाहिलं तर हे वचन नाही. पण तळघरात बसून, बाहेर तोफा चालू असताना, हे ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं असेल? नंतर देश सोडून गेलेल्या निर्वासितांच्या मुलाखतींत 'मदत येणार होती' ही समजूत पुन्हा पुन्हा दिसते.

म्हणजे स्टुडिओत काय बोललं गेलं आणि घरात काय ऐकलं गेलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर संहितेत मिळेल, दुसऱ्याचं मिळणार नाही. गंमत म्हणजे हे त्या हेडफोनच्या कोपऱ्याने नुकतंच आपल्याला शिकवलेलं असतं! पण प्रदर्शन स्वतःचाच धडा चार पावलांत विसरतं. दोष इथे आहे.

श्रोते मोजले कसे?

शेवटच्या फलकांवर श्रोत्यांचे मोठमोठे आकडे आहेत. ते कुठून आले, याबद्दल एक ओळ नाही. खरं तर प्रदर्शनातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच ठरली असती. सोव्हिएत संघात जाऊन सर्वेक्षण करणं शक्यच नव्हतं. म्हणून १९७२ ते १९९० या काळात, बाहेर प्रवासाला आलेल्या ५०,०००हून अधिक सोव्हिएत नागरिकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मुलाखत नेमकी कुणासाठी, हे त्यांना सहसा सांगितलं जात नसे. आजच्या एथिक्स कमिटीसमोर हा प्रस्ताव ठेवून बघा!

शिवाय, परदेशी जायची परवानगी कुणाला मिळे? जास्त करून शहरी, शिकलेल्या आणि पक्षाशी जवळीक असणाऱ्यांना. सॅम्पलचा हा कल दुरुस्त करायला एमआयटीतल्या संशोधकांनी तयार केलेली संगणकीय पद्धत वापरली गेली. पुढे त्या देशांमधल्या सरकारी अंतर्गत पाहण्या उजेडात आल्या आणि ताडून पाहता आलं. श्रोतावर्ग मोठा होता, हे त्यातूनही दिसतं. तेव्हा आकडे टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाहीये. ते कमावलेले अंदाज आहेत, आणि प्रदर्शन ते जनगणनेसारखे टांगतं.

त्यानंतर थेट बर्लिनच्या भिंतीचा फोटो. आधी रेडिओ, मग भिंत पडली, म्हणजे रेडिओमुळे पडली? कर्जात बुडालेल्या अर्थव्यवस्था, पोलंडमधली सॉलिडॅरिटी, गोर्बाचेव्ह यांची धोरणं, हे सगळं त्या दोन फलकांच्या मधल्या कोऱ्या जागेत गडप झालंय.

आपल्यासाठी

ज्या संस्थेचा इतिहास आपण लिहितो, तिचीच कागदपत्रं सहसा सगळ्यात नीट जपलेली असतात. म्हणून बोलणाऱ्याचा इतिहास सोपा आणि ऐकणाऱ्याचा अवघड. तुमचा विषय आकाशवाणीवरची 'कामगार सभा' असला तरी ही अडचण सुटत नाही. पण संस्थेचे कागद फेकून द्यायचे नसतात. ग्रिफिथ यांचा अहवाल केंद्राचाच होता आणि त्यातच केंद्राच्या चुका सापडतात. बुडापेस्टच्या ब्लिंकेन ओपन सोसायटी अर्काइव्ह्जमध्ये निर्वासितांच्या माहितीवरून केलेली टिपणं आहेत. त्यांवर माहिती देणारा कसा माणूस आहे आणि तिच्यावर कितपत विसंबावं, याचे शेरेही आढळतात. त्या काळच्या कारकुनाने जी शंका नोंदवून ठेवली, ती आपण फलकावर पुसून टाकायची का?

तर प्रदर्शन बघा, हेडफोनसाठी तर नक्कीच बघा. आणि माझं ते झोकदार वाक्य? आता ते असं आहे: 'उपलब्ध मुलाखती आणि सरकारी पाहण्या यांवरून श्रोतावर्ग मोठा होता असं दिसतं, ऐकण्याचा लोकांच्या वागण्यावर काय परिणाम झाला, हे प्रत्येक देशात वेगळं तपासावं लागेल.' त्यातला झोक गेला खरा. पण आता कुणी रेघ मारून विचारलं, तर सांगायला काहीतरी आहे.