कोड्याचे तुकडे आणि माणसांचे प्रकार

किशोरवयीन मुलांना नातेसंबंध शिकवण्यासाठी हल्ली गोष्टींचे संगणकीय खेळ सुचवले जातात. पडद्यावर गोष्ट सरकत राहते, मधूनमधून खेळणाऱ्याने उत्तर निवडायचे आणि शेवटी कळते की आपली भावबंधाची शैली 'सुरक्षित' आहे, 'चिंताग्रस्त' की 'टाळणारी'. आमचा आक्षेप या शेवटच्या पाटीला आहे.

हे प्रकार आले कुठून? मेरी एन्सवर्थ यांनी १९६० च्या दशकात बाल्टिमोरमधील २६ कुटुंबांत बाळाच्या पहिल्या वर्षभर, प्रत्येक घरी सुमारे ७२ तास, नुसते पाहण्याचे काम केले. मग वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत आणून आईने दोनदा बाहेर जायचे आणि परत यायचे. आई परतल्यावर बाळ काय करते, हे महत्त्वाचे. तेच बाळ आईशी एका तऱ्हेने वागते, तर वडिलांशी कधी वेगळ्या. म्हणजे प्रकार त्या दोघांमधील बंधाचा, बाळाचा नव्हे. पुढे १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी वृत्तपत्रातील प्रश्नावलीद्वारे हीच कल्पना प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिली. आजच्या चाचण्या या दुसऱ्या घराण्यातल्या. पण मुले निकाल रक्तगटासारखा लक्षात ठेवतात.

शिवाय ज्या खेळात 'सुरक्षित' उत्तराला सुखान्त बक्षीस मिळतो, तिथे परीक्षेत मुरलेली आपली मुले गुणांचे उत्तर लगेच हेरतात. शिकणे तिथेच संपते.

याउलट २०१८ चा 'फ्लोरेन्स' हा ऑस्ट्रेलियात तयार झालेला खेळ पाहावा. फ्लोरेन्स ही पंचविशीतली मुलगी, क्रिश हा चेलो वाजवणारा तरुण. खेळ जेमतेम अर्ध्या तासाचा, संवाद जवळजवळ शब्दांविना. पहिल्या भेटीत फ्लोरेन्सचे बोलणे म्हणजे अनेक तुकड्यांचे कोडे. ते जुळवल्याशिवाय ती बोलू शकत नाही. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. भांडणात त्यांच्या कडा टोकदार होतात आणि ते भराभर जोडावे लागतात. कुठेही शैलीचे नाव नाही. संकोच आणि सैलावणे बोटांना कळते. 'एमिली इज अवे' (२०१५) मध्ये तर आपण निवडलेले वाक्य पात्र टंकते, पुसते आणि भलतेच काहीतरी पाठवते. टाळणे म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा इथे लवकर समजते.

मात्र 'फ्लोरेन्स' मधले नाते कसे वळावे, हे आपल्या हाती नाही, हा दोष म्हणता येईल. आम्हाला तो गुण वाटतो. हुकमी उत्तर शोधायला जागाच उरत नाही.

अकरावीच्या मुलांबरोबर हा खेळ पाहिला तेव्हा एकीने विचारलेच, "मग मी कोणत्या प्रकारची?" आम्ही उलट विचारले, सुरुवातीला तुकडे जास्त का होते? "नव्या माणसाशी बोलताना जुळवाजुळव करावी लागते," एक मुलगा म्हणाला. आणि भांडताना भराभर का? "तेव्हा विचार करत नाही म्हणून." ती मुलगी म्हणाली, "आमच्याकडे भांडणात सगळे गप्पच होतात."

वर्ग शांत झाला. घरच्या गोष्टी वर्गात खोदायच्या नाहीत, हे आम्ही आधीच ठरवले होते. पुढचा प्रश्न आम्ही क्रिशविषयी विचारला. तास संपल्यावर ती मुलगी रेंगाळली, तेव्हा मात्र आम्ही थांबलो.