मिशनशाळांतील मराठी : एक उपेक्षित प्रश्न

ख्रिस्ती मिशनशाळांनी आपल्या देशाच्या शिक्षणावर कोणता परिणाम घडविला, ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होत आली आहे. एक पक्ष त्यांना ज्ञानदानाचे श्रेय देतो, तर दुसरा त्यांच्यावर धर्मांतराचा आरोप ठेवतो. दोघांचेही लक्ष मिशनऱ्यांच्या हेतूवर खिळलेले असते. त्या शाळांतून कोणती भाषा शिकविली गेली, आणि ती भाषा मुळात कोणाची होती, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. मराठी मुलुखापुरता त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

स्कॉटिश मिशनऱ्यांचा ओढा इंग्रजीकडे होता. अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली कलकत्त्यास काढलेली शाळा ह्या धोरणाचा आदर्श ठरली. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ साली इंग्रजी शाळा स्थापिली, तरी त्यांनी देशी भाषांचा व्यासंग सोडला नाही. उलट १८१३ साली मुंबईत पाऊल ठेवलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचा भर प्रथमपासून मराठीवर होता. १८२४ साली त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली आणि १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. ह्यावरून अमेरिकन मिशनला मराठीचा कैवारी ठरविण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो आवरावयास हवा.

कारण १८५४-५५ साली मिशनच्या अमेरिकेतील मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थान व सिलोन येथे पाहणीसाठी आले, तेव्हा त्यांनी इंग्रजी शिक्षणावर जी कात्री चालविली तिच्यामागे मराठीचा अथवा तमिळचा अभिमान नव्हता. खेड्यांतील मंडळ्यांसाठी देशी उपदेशक तयार व्हावेत आणि तेवढ्यापुरते शिक्षण मातृभाषेत द्यावे, असा त्यांचा हिशेब होता. जाफन्यातील नावाजलेली बट्टिकोटा सेमिनरी १८५५ साली बंद पडली ती ह्याच धोरणापायी. येथे मातृभाषा स्वीकारली गेली, परंतु तिच्यापुढची वाट बंद करून! त्याच सुमारास, १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत घालून दिली आणि उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, तर सर्वसामान्यांसाठी देशी भाषा, ही विभागणी सरकारमान्य केली. इंग्रजीचे समर्थक आणि मराठीचे समर्थक मिशनरी परस्परविरोधी दिसत असले, तरी दोघांच्या धोरणांतून एकच उतरंड दृढ झाली, असे माझे मत आहे.

त्यातही ही मराठी कोणती? मिशनशाळांची दारे महार-मांगांच्या मुलांना उघडली, हे त्यांचे थोर कार्य निर्विवाद आहे. परंतु शुद्धतेचे मानदंड पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झालेले होते. मोल्सवर्थचा कोश (१८३१) मिशनऱ्यांचा नव्हे. तथापि त्यांच्या हाताशी आधार होता तो त्याचाच. नगर जिल्ह्यातील खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेत प्रवेश मिळाला. त्याच्या घरच्या बोलीला मिळाला नाही.

ह्या संदर्भात जोतीराव फुले यांचे गद्य फार मोलाचे आहे. त्यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. संवादाची परंपरा आपल्याकडे प्राचीन असल्याने हे रूप सर्वस्वी मिशनशाळेतील प्रश्नोत्तरीचे देणे आहे असे म्हणणे धाडसाचे होईल; पण उलटतपासणीची ती धार गुरुशिष्यसंवादात सहसा आढळत नाही. भाषा मात्र ना पंडितांची, ना मिशनऱ्यांची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्या भाषेच्या अशुद्धतेची टर उडविली. ती टीका व्याकरणाची म्हणून वाचली जाते. वस्तुतः छापील मराठी कोणी लिहावी, ह्याविषयीचा तो वाद होता.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून यावेत आणि मुलांना मोडी व बालबोध ही दोन्ही वळणे शिकवावीत, असेही त्यांनी सुचविले. ह्या सूचना आपण शिक्षणाच्या इतिहासात नोंदवितो. भाषेच्या इतिहासात त्यांना अद्याप पुरेशी जागा दिलेली नाही. मिशनच्या छापखान्यांतून निघालेली शालोपयोगी पुस्तके आणि ‘गुलामगिरी’चे गद्य वाक्यरचनेच्या व शब्दसंग्रहाच्या दृष्टीने शेजारी ठेवून तपासणे, हा प्रबंधाचा विषय होऊ शकेल.