सैनिकांस पाठिंबा आणि युद्धास संमती : लिंकनच्या १८४८ मधील भाषणाचे वाक्यार्थदृष्ट्या परीक्षण

अब्राहम लिंकन याने १२ जानेवारी १८४८ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मेक्सिकोच्या युद्धावर जे भाषण केले, त्याची चर्चा बहुधा त्याच्या चरित्राच्या अनुषंगाने होते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार भाषिक कृती म्हणून करावयाचा आहे. रणांगणावरील सैनिकास रसद नाकारावयाची नाही आणि युद्धाच्या आरंभास संमतीही द्यावयाची नाही, अशी दुहेरी भूमिका या भाषणामागे आहे. ही भूमिका तर्कदृष्ट्या टिकते काय, आणि टिकत असल्यास भाषेच्या कोणत्या अटीवर, हा येथील प्रश्न होय.

आरंभी ‘पाठिंबा’ या शब्दाच्या अन्वयाकडे पाहावे. ‘युद्धास पाठिंबा’ आणि ‘सैनिकांस पाठिंबा’ या दोन्ही प्रयोगांत विभक्ती एकच आहे, परंतु अर्थसंबंध एक नाही. युद्ध हे कृतिवाचक नाम आहे. त्यास पाठिंबा देणे म्हणजे ‘ही कृती योग्य आहे’ या विधानास संमती देणे. सैनिक हे व्यक्तिवाचक नाम आहे. व्यक्ती खरी वा खोटी नसते. तिला संमती देता येत नाही, तिच्यासाठी काही करता येते. वेतन, अन्न, दारूगोळा, औषध, जखमींची शुश्रूषा हा या दुसऱ्या पाठिंब्याचा आशय. पहिल्याचा नकार आणि दुसऱ्याचा स्वीकार यांत म्हणून विसंगती नाही. विसंगतीचा भास उत्पन्न होतो तो दोन्ही आशय एकाच वाक्यात कोंबले गेल्यामुळे.

असे कोंबणे १८४६ मध्ये घडले. त्या वर्षी २५ एप्रिल रोजी रिओ ग्रांदे नदीच्या उत्तरेस, दोन्ही राष्ट्रे ज्यावर हक्क सांगत होती अशा भूप्रदेशात, अमेरिकन व मेक्सिकन तुकड्यांची चकमक झाली. ११ मे रोजी राष्ट्राध्यक्ष पोक यांनी आपला संदेश काँग्रेसकडे धाडला आणि १३ मे रोजी युद्धाचा कायदा संमत होऊन त्यावर त्यांची स्वाक्षरीही झाली. या कायद्याने ५०,००० स्वयंसैनिकांची भरती आणि १ कोटी डॉलरांचा खर्च मंजूर केला. त्याच्या शिरोभागी मात्र एक प्रस्तावना जोडलेली होती : मेक्सिकोच्या कृतीमुळे युद्धस्थिती अस्तित्वात आली आहे, अशा आशयाची. सीमेवरील सैन्यास कुमक पाठवावयाची असेल, तर सभासदास हे विधानही पत्करणे भाग होते. प्रतिनिधिगृहात विधेयक १७४ विरुद्ध १४ मतांनी संमत झाले. विरोधी चौदांत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हे होते. सिनेटमध्ये कॅलहून यांनी दोन्ही प्रश्न वेगळे करण्याचा आग्रह धरला, आणि तो मानला न गेल्यामुळे ते मतदानापासून अलिप्त राहिले.

या रचनेचे स्वरूप मीमांसकांच्या परिभाषेत नेमके सांगता येते. कायद्याचा खर्चविषयक भाग हा विधी. प्रस्तावना हा अर्थवाद. अर्थवादास स्वतंत्र प्रामाण्य नसते. विधीशी एकवाक्यता झाल्यानेच तो सार्थ ठरतो, अशी मीमांसेची भूमिका. येथे क्रम नेमका उलटला आहे. विधीविषयी फारसा वाद नव्हताच. खरे साध्य होते ते प्रस्तावनेत. जे सिद्ध करावयाचे, तेच सिद्धवत् मानून, ज्ञात गोष्टीच्या अनुवादाचा वेष देऊन पुढे ठेवले गेले. एका वाक्याच्या स्वीकाराने दोन भिन्न तात्पर्ये पदरात पडत असतील, तर तो वाक्यभेदाचा दोष. १८४६ च्या कायद्याचे सामर्थ्य या दोषातच होते.

युद्धविरोधकांनी हा दोष ओळखला असे म्हणावे, तर त्यांनीही तोच केला, ही गोष्ट अभ्यासकांकडून सहसा दुर्लक्षिली जाते. ३ जानेवारी १८४८ रोजी जनरल टेलर यांचे आभार मानणारा ठराव प्रतिनिधिगृहापुढे असता, मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी ॲशमन यांनी त्यास दुरुस्ती सुचविली. तिचा आशय असा की, हे शौर्य राष्ट्राध्यक्षांनी अनावश्यकपणे व घटनाबाह्य रीतीने आरंभिलेल्या युद्धातील आहे. दुरुस्ती ८५ विरुद्ध ८१ मतांनी संमत झाली. लिंकनचे मत तिच्या बाजूने होते. मराठीत हा ठराव मांडला, तर निषेधाचा सारा भार ‘आरंभिलेल्या’ या धातुसाधित विशेषणावर येतो. वाक्यास नकार लावून पाहावा : ‘अशा रीतीने आरंभिलेल्या युद्धातील शौर्याबद्दल आभार मानू नयेत.’ नकार आभारांवर पडतो. विशेषणातील आरोप जागच्या जागी राहतो. पोक यांच्या पक्षाने सैनिकाच्या रसदेवर समर्थन लादले, तर व्हिग पक्षाने सैनिकाच्या गौरवावर निषेध लादला. दोन्ही वेळा सैनिक हा दुसऱ्याच एका विधानाचे वाहन झाला.

लिंकनच्या भाषणाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर दिसते. नऊ दिवसांपूर्वी विशेषणात दडलेला आरोप त्याने येथे मुख्य वाक्यात आणला. तो आरोप आता खंडनास मोकळा झाला. भाषणाचा आरंभच मौनाच्या अर्थाने होतो. ज्यांना युद्धाचा आरंभ मान्य नाही, त्यांनी युद्ध संपेपर्यंत तरी गप्प राहावे, असे आपले पूर्वी मत होते आणि राष्ट्राध्यक्ष व त्यांचे मित्र तसे राहू देते तर आपण गप्पच राहिलो असतो, असे तो सांगतो. परंतु रसदेसाठी निमूटपणे दिलेल्या प्रत्येक मताचा अर्थ राष्ट्राध्यक्ष आपल्या धोरणाची मान्यता असा लावीत आहेत. शिवाय युद्धाची न्याय्यता मान्य करविणारे ठरावही सभागृहात आले आहेत. सबब बोलणे भाग आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. लक्षणेने भलताच अर्थ काढला जात असेल, तर वाच्यार्थ उच्चारून तिचा मार्ग बंद करावा, हाच त्याचा न्याय.

यानंतर तो ‘अमेरिकन भूमी’ या पदाचा अर्थ तपासतो. टेक्ससची सीमा कागदावर कोठे लिहिली आहे यापेक्षा तिची सत्ता प्रत्यक्षात कोठवर चालत होती, हे तो निर्णायक मानतो. आणि पहिले रक्त सांडले ती जागा त्या सत्तेखाली होती हे राष्ट्राध्यक्षांनी दाखवून दिल्यास आपण त्यांच्या बाजूस येऊ, असेही सांगतो. आरोप खोटा ठरण्याची अट स्वतःच घालून देणे, हे या भाषणाचे सर्वोत्तम अंग होय. उत्तरार्धात मात्र तो पोक यांच्या मनःस्थितीविषयी तर्क करू लागतो, त्यांच्या गोंधळाची चित्रे रंगवितो, आणि भाषण पुराव्याकडून उपहासाकडे घसरते. सीमेविषयीच्या प्रश्नास कागदपत्रांनी उत्तर देता येते. उपहासास ते देता येत नाही.

या भूमिकेवरील गंभीर आक्षेप पोक यांच्या पक्षाकडून नव्हे, तर ओहायोचे गिडिंग्ज यांच्यासारख्या प्रतिनिधींकडून येतो. चौदांपैकी एक असलेल्या गिडिंग्ज यांनी अन्याय्य युद्धास रसद देण्याचेच नाकारले. शब्दांनी निषेध आणि पैशाने साहाय्य हे दोन्ही एका हाताने कसे करावयाचे? युद्ध वाक्यांनी चालत नाही, खर्चाने चालते, हे खरे. त्या युद्धात सुमारे १३,००० अमेरिकन सैनिक मरण पावले, आणि त्यांतील बहुसंख्य शत्रूच्या गोळीने नव्हे, तर रोगराईने. रसद मिळूनही ही स्थिती. ती तोडली असती तर पहिला आघात निर्णय घेणाऱ्यांवर नव्हे, सैनिकांवरच पडला असता, असे लिंकनच्या बाजूने म्हणता येईल. तरीही आक्षेप पूर्णतः निरस्त होत नाही. वाक्ये वेगळी करता आली, तरी परिणाम वेगळे करता येतातच असे नाही. म्हणून रसदेचे मत देणाऱ्यावर एक जादा जबाबदारी येते : निर्णयाचा जाब विचारणे त्याने युद्धसमाप्तीवर ढकलता कामा नये. लिंकन बोलला तेव्हा तह अद्याप झालेला नव्हता. तो २ फेब्रुवारी १८४८ रोजी झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने राष्ट्राध्यक्षांचे युद्ध आरंभण्याचे कार्य आणि आरंभानंतरचे देशाचे कार्य असा भेद स्पष्ट शब्दांत मांडला, आणि क्ले व वेब्स्टर या व्हिग नेत्यांचे पुत्र या युद्धात गेले, याचे स्मरण करून दिले.

हा भेद लोकस्मृतीत कितपत टिकला? १८५८ च्या वादसभांत लिंकनने सैन्याची रसद नाकारली होती, असा आरोप झाला. चार्ल्सटन येथे १८ सप्टेंबर रोजी त्याने विरोधी पक्षाचे आपले जुने सहकारी फिकलिन यांना हाताला धरून साक्षीस पुढे आणले. फिकलिन यांना आठवला तो ॲशमन यांचा ठराव, आणि त्यातही युद्धारंभाचा निषेध तेवढा. ज्या आभारांवर तो निषेध चढविला होता, त्यांचा त्यांच्या साक्षीत उल्लेख नाही. विशेषण उरले, विशेष्य गळाले.

जोडवाक्याचा हा मोह ओसरलेला नाही. मार्च २००३ मध्ये, इराकवरील स्वारीच्या आरंभी, अमेरिकन प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्ष ‘आणि’ सैनिक या उभयतांस पाठिंबा देणारा एकच ठराव ३९२ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. काही सभासदांनी केवळ उपस्थिती नोंदविली.  एका उभयान्वयी अव्ययाने काम भागविले आहे.

तात्पर्य, सैनिकांस पाठिंबा देऊन युद्धाचा निर्णय नाकारण्याची भूमिका सुसंगत आहे. पण ती दोन वाक्यांत मांडली तरच. सैनिकास जे द्यावयाचे, ते अट न घालता एका वाक्यात द्यावे. निर्णयाविषयी जे म्हणावयाचे, ते दुसऱ्या वाक्यात, खंडनास वाव ठेवून आणि वेळेवर म्हणावे. सैनिकाच्या नावाने मांडलेला कोणताही ठराव हाती आला, की त्यास नकार लावून पाहावा आणि नकारानंतरही जे शिल्लक राहते ते कोणाच्या हिताचे आहे, हे तपासावे. अभ्यासकास एवढी कसोटी पुरेशी आहे. नागरिकासही तिचा उपयोग व्हावा.