रहस्यकथेचा निष्ठावंत वाचक : बाबूराव अर्णाळकर ते सुहास शिरवळकर

प्रास्ताविक :
आजरा हे 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत यांचे जन्मगाव. अशा तालुक्याच्या गावातील वाचनसंस्कृतीविषयी लिहिताना १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मृत्युंजय'चा उल्लेख अभिमानाने होतो. महाराष्ट्रातील लहानमोठ्या वाचनालयांतून हातोहात फिरलेल्या रहस्यकथेचा उल्लेख मात्र संकोचानेच केला जातो. वास्तविक अनेकांना वाचनाची गोडी रहस्यकथेनेच लावली. तिच्या लेखकांवर व नायकांवर दीर्घकाळ जीव लावणारा वाचक हा समीक्षेच्या कुतूहलाचा विषय व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात या निष्ठेचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. नायकावरील निष्ठा :
बाबूराव अर्णाळकर (१९०६-१९९६) यांच्या नावावर एक हजारांहून अधिक रहस्यकथा आहेत. झुंझार, धनंजय आणि काळापहाड हे त्यांचे नायक घराघरांत पोहोचले. वाचकाला पुस्तकाचे शीर्षक आठवत नसे, परंतु 'झुंझारची कथा' हवी असे. नायक संकटातून सुटणार, हे त्याला ठाऊकच होते. उत्कंठा होती ती तो कसा सुटतो याची. ठरलेल्या चौकटीतील लहानसे वेगळेपण टिपणे, हीच या वाचकाची रसिकता होय. ती कीर्तनाच्या श्रोत्याच्या रसिकतेहून फारशी निराळी नाही. आख्यान माहीत असूनही तो रंगून ऐकतोच.

लेखकाचे नावही या खेळाचाच भाग होते. 'बाबूराव अर्णाळकर' हे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांचे टोपणनाव. वेषांतर करणाऱ्या नायकांचा हा निर्माता स्वतःही निराळ्या नावाने वावरला आणि वाचकांनी तेच नाव खरे मानले. नायकावरील अशी निष्ठा जगभर आढळते. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा शेवट केला, तेव्हा वाचक संतापले. १९०३ मध्ये त्यांना होम्सला परत आणावे लागले.

२. लेखकावरील निष्ठा :
सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांच्या बाबतीत ही निष्ठा वेगळे वळण घेते. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास अशा मालिकानायकांमुळे वाचक त्यांच्याकडे ओढले गेले. परंतु ते 'दुनियादारी'सारख्या महाविद्यालयीन जीवनावरील कादंबरीकडे वळले, तेव्हा त्यांचा वाचकही सोबत गेला. 'सुशि' हे जवळिकीचे संबोधन या बदलाची खूण आहे. चटपटीत संवाद आणि तरुणांच्या बोलण्याची लय हे त्यांचे बलस्थान नायकाविनाही टिकले. २०१३ साली 'दुनियादारी'वर चित्रपट आला, तेव्हा जुन्या वाचकांनी तो मूळ कादंबरीशी ताडून पाहिला. येथे निष्ठा नायकाकडून संहितेकडे सरकलेली दिसते.

३. निष्ठेच्या मर्यादा :
या निष्ठेचे केवळ कौतुक करून भागणार नाही. मालिकेच्या वेगामुळे व्यक्तिरेखा अनेकदा सपाट राहतात, योगायोग वाढतात आणि स्त्रीपात्रांच्या वाट्याला बहुतेक वेळा साहाय्यक भूमिकाच येते. चाहता या उणिवा जाणतो, पण त्या माफ करतो. शिवाय नायकाचे नाव स्मरणात राहिले की मजकूर विसरला तरी त्याला चालते. अर्णाळकरांच्या बाबतीत नेमके हेच घडले. स्वस्त कागदावर छापलेल्या या पुस्तिका वाचून वाचूनच झिजल्या. समीक्षकाने त्यांना तुच्छ लेखले आणि चाहत्याने आठवणीवर समाधान मानले. मजकूर जपण्याची जबाबदारी दोघांपैकी कोणीच घेतली नाही. ज्यांना झुंझार अजून आठवतो, ते वाचक आता वृद्ध झाले आहेत.

समारोप :
निष्ठावंत वाचक हा अभिरुचिहीन असतो, हे गृहीतक सोडावे लागेल. तो आपल्या साहित्यप्रकाराचा जाणकार असतो. मात्र त्याची जाणकारी लिहून ठेवली जात नाही. म्हणून ग्रामीण भागातील ग्रंथालयांनी व महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी दोन कामे हाती घ्यावीत : उरलेल्या प्रती निर्लेखित न करता त्यांची सूची करावी आणि जुन्या वाचकांच्या आठवणींची नोंद घ्यावी. रहस्यकथेचे मूल्यमापन त्यानंतर कठोरपणे करता येईल. परंतु जो मजकूरच उरलेला नाही, त्याची समीक्षा कोणालाही करता येणार नाही.